तिसरा खटका

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवरा गेला, तोही हे न कळताच गेला. बहीण मुकुंदवाडीला राहते, तिला वाटतं माझ्या पोटातलं सगळं तिला ठाऊक आहे, पण तिलाही नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझे कोण? कोणीच नाही, म्हणूनच. शिवाय उद्या सकाळी अकरा वाजता हे ज्यांना सांगायचंय त्यांच्यासमोर जीभ अडखळायला नको, तेव्हा आज तुमच्यावर सराव करून घेते. ऐकायचं तर ऐका.

आणि एक आधीच बजावते. दया-बिया दाखवायची नाही. "अहो, एवढंसं तर होतं," असंही म्हणायचं नाही. एवढंसंच होतं, मला माहीत आहे. चार अक्षरांचा एक शब्द होता. पण तो मी उच्चारला, दिवसाउजेडी, शुद्धीत, दहा-बारा माणसांच्या देखत.

मी कोण? तीस वर्षं एका तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळली. आता निवृत्त आहे, गारखेड्यात घर आहे आणि घरात चालायला वाट नाही, कारण मला जुन्या स्टिरिओ सेटांचं वेड आहे. अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्ड प्लेअर, दोन माणसांनी उचलावे लागणारे स्पीकर. आमच्या शहरात हे वेड असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, त्यात बाई मी एकटी. मीटर घेऊन फिरणारीही मी एकटीच. सेट चांगला की वाईट हे मी मोजून सांगते. किती वॅट, किती खरखर, किती भेसळ – भेसळ म्हणजे मूळ आवाजात सेट पदरचं किती मिसळतो ते. आकडा आला की वाद मिटला.

हे मी आजही मानते. पुढचं ऐकून "शेवटी कानच खरा, मीटर झूट" असं म्हणत टाळ्या पिटणार असाल तर आत्ताच उठा. कानवाल्यांची नाटकं मी पुष्कळ पाहिली आहेत. एकदा एक गृहस्थ डोळे मिटून माझ्या एका सेटचं पाच मिनिटं कौतुक करत होते, आणि वाजत होता शेजारच्या टेबलावरचा! उचलली जीभ लावली टाळ्याला. मीटरचं तसं नसतं. सेट कुणाचा आहे, समोर बाई आहे की बुवा, त्याला काही पडलेलं नसतं. म्हणून तर मी त्याला धरून राहिले. मी तोंडाने काही सांगितलं की प्रयोगशाळेतली पुरुषमंडळी एकमेकांकडे बघायची – कानामागून आली अन् तिखट झाली, हे मी माझ्या पाठीमागे किती वेळा ऐकलंय! – पण मीटरचा काटा दाखवला की गप्प बसायची. हळूहळू मी तोंडाने सांगायचंच सोडलं. नुसता काटा दाखवायचे.

ही सबब नाही हं. पुन्हा सांगते, सबब नाही. मीटर माझ्याशी कधी खोटं बोललं नाही. खोटं मी बोलले.

पण थांबा. आधी रशीदभाई.

रशीदभाईंचं औरंगपुऱ्याच्या एका बोळात दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन गिऱ्हाइकं आत गेली की तिसऱ्याने पायरीवर बसायचं. शिक्षण सातवीपर्यंत. सर्किटचा नकाशा त्यांना वाचता येत नव्हता, निदान तेव्हा. पण सेट चालू करायचे, मान डावीकडे कलती करायचे, डोळे अर्धे मिटायचे आणि म्हणायचे, "उजवीकडचा कंडेन्सर थकलाय." झाकण उघडावं, तर खरंच थकलेला. दर वेळी? नाही, दर वेळी नाही. पण मला टोचेल इतक्या वेळा.

आणि त्यांचे ते शब्द! आवाज त्यांच्या लेखी दोनच प्रकारचा, ओला आणि सुक्का. "ह्यो सेट सुक्का हाय मॅडम. त्यो बघा, कसा ओला." मी चिडवायची, "ओला म्हणजे किती, रशीदभाई? मिलिलिटरमध्ये सांगा." ते हसायचे. म्हणायचे, "मोजाया गेलं की सुकतंय ते." मी त्यांच्याशी भांडायची, ते माझ्याशी भांडत नव्हते. तेच मला जास्त लागायचं.

आता एक जुनी गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. नोकरीतली सुरुवातीची वर्षं. प्रयोगशाळेतलं एक महागडं यंत्र जळालं आणि ते मीच जाळलं असं आमच्या विभागप्रमुखांनी ठरवून टाकलं. दुरुस्तीला रशीदभाईंना बोलावलं होतं. त्यांनी मला एवढंच विचारलं, "मॅडम, तुम्ही चालू केलं व्हतं का?" मी म्हटलं, नाही. ते प्रमुखांकडे वळून म्हणाले, "मॅडम नाय म्हणतात. मग नाय." पुरावा नाही, काटा नाही. पुढे चौकशीत काय झालं ते सोडा. माझ्या नुसत्या शब्दावर विश्वास ठेवणारा माझ्या धंद्यातला पहिला माणूस तो. तुम्ही म्हणाल, मग अशा माणसाशी – हो. अशाच माणसाशी.

नऊ वर्षं झाली त्याला. देशमुखअण्णा म्हणून आमच्या मंडळीतले वडीलधारे. गावाकडे मोसंबीची बाग, इथे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी आपल्या सगळ्या रेकॉर्ड गारखेड्यातल्या एका वाचनालयाला द्यायचं ठरवलं. वाचनालयाने एक खोली दिली. लोकांनी संध्याकाळी यावं, बसावं, मोबाईल बाहेर ठेवून तासभर ऐकावं. सेट कोणता बसवायचा? दोन तयार होते. एक रशीदभाईंनी मोडीतून उचलून जिवंत केलेला, वीस वॅटचा, कागदावरचे आकडे बघवत नाहीत असा. दुसरा माझा, तिप्पट ताकदीचा, भेसळ इतकी कमी की मोजताना मीटरच लाजावं. आणि ज्याचा सेट, त्याच्याकडेच खोलीची किल्ली आणि देखभाल, असं अण्णांनी जाहीर केलं.

रशीदभाईंना ती खोली हवी होती. मागायची सवय नसलेला माणूस, पण त्यांनी मागितली. "जिंदगीभर दुसऱ्याचे सेट बोलते केले," ते मला म्हणाले, "आन् बोलायला लागला की गिऱ्हाईक घेऊन जातंय. बसून ऐकायला कधी जागाच नाय घावली." मलाही हवी होती. मला कशाला हवी होती? माझ्या घरात तर ऐकायला जागा होती. मला जिंकायचं होतं, दुसरं काही नाही.

आणि आणखी एक सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवायला काही उरायचं नाही. महिनाभर आधी रशीदभाईंचा सेट मोजायला म्हणून माझ्या घरी होता. दुपारची वेळ. मी मोजणी संपवली, आकडे लिहिले, मनात हसले. मग उगीच एक रेकॉर्ड लावली, गायिका आणि मागे तानपुरा, बास. आणि मी भिंतीला टेकून खाली बसले. तानपुऱ्याची तार छेडल्यावर जी झणझण मागे रेंगाळते ना, ती खोलीभर होती. गायिका श्वास घेत होती ते कळत होतं. मग तीच रेकॉर्ड माझ्या सेटवर लावली. सगळं होतं, स्वच्छ होतं – आणि सुक्कं होतं. मला दुसरा शब्द सापडेना. मी त्यांचाच शब्द वापरला, मनातल्या मनात, आणि स्वतःवरच चिडले. चौघांत विषय निघाला तेव्हा मी सरळ कानावर हात ठेवले. "मला तर दोन्ही सारखेच वाटतात," म्हटलं.

तर चाचणी ठरली. रशीदभाई म्हणाले होते, पडद्याआडून वाजवा, मी ओळखतो. मी म्हटलं, दहा वेळा. दहांत आठ ओळखले तर कान खरा आणि खोली तुमची. ते लगेच हो म्हणाले. पेटी मी बनवली. दोन्ही सेट त्या पेटीला जोडायचे आणि गोल बटन फिरवलं की खट्ट आवाज होऊन एक बंद, दुसरा चालू. दोन्हींचा आवाज मीटर लावून सारखा करून घेतला, कारण जो जरा मोठा वाजतो तोच चांगला वाटतो, ही कानाची जुनी खोड. इथपर्यंत सगळं चोख. पडद्यामागे मी, बटन माझ्या हाती, नोंदीचा कागदही माझ्याच हाती. परीक्षक मी आणि स्पर्धकही मीच! कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मॅडम आहेत ना.

बटनाला तीन खटके होते. पहिल्यावर रशीदभाईंचा सेट. दुसऱ्यावर माझा. आणि तिसऱ्यावरही माझाच. दुसरा आणि तिसरा मी आतून एका लाल तारेने जोडला होता. म्हणजे दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेलं की खट्ट तर होतं, पण बदलत काहीच नाही. याला सापळा म्हणतात आणि असा सापळा लावण्यात काही पाप नाही. उलट चाचणी प्रामाणिक असेल तर तो लावावाच. खट्ट ऐकून माणूस "बदललं" म्हणाला, तर तो आवाज ऐकत नाही, खटका ऐकतो. विद्यार्थ्यांना मी हे तीस वर्षं शिकवलंय. सापळा लावल्याबद्दल मला लाज नाही.

रविवारची सकाळ. अण्णांच्या दिवाणखान्यात चादर बांधलेली. पलीकडे खुर्चीवर रशीदभाई, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आलेले, भोवती मंडळी. तीच तानपुऱ्याची रेकॉर्ड. पहिल्यांदा फिरवलं. "माझा." बरोबर. दुसऱ्यांदा. "मॅडमचा." बरोबर. तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही बरोबर. विचार करायला वेळही घेत नव्हते. अण्णा बोलले, "लई भारी हो रशीदभाई!" पडद्याआड मी हिशेब केला, आणखी चार आणि खोली त्यांची. चौथ्यांदा माझा सेट वाजत होता, म्हणजे बटन दुसऱ्या खटक्यावर. पाचव्या वेळी मी ते तिसऱ्यावर नेलं.

खट्ट.

गाणं चालू राहिलं. एक ओळ गेली, दुसरी गेली. मला वाटलं, आता रशीदभाई फसले. आणि चादरीपलीकडून आवाज आला, अगदी सावकाश –

"मॅडम, हे बदललं नाय. खटका वाजला, पण बदललं नाय."

दहा-बारा माणसं बसली होती, एकालाही कळलं नव्हतं. एकट्या त्यांना कळलं. जे ओळखणं अशक्य असं मी वर्गात शिकवत आले, ते त्यांनी दोन ओळींत ओळखलं. मी काय म्हणायला हवं होतं? "बरोबर." बाहेर येऊन हात जोडायला हवे होते. एवढी सुंदर चाचणी आयुष्यात पुन्हा व्हायची नव्हती.

मी म्हटलं, "बदललं."

खोलीत कुणीतरी हसलं. रशीदभाई म्हणाले, "पक्का?" मी म्हटलं, "पक्कं." आणि तेव्हा ते जे बोलले ते नऊ वर्षं माझ्या कानात आहे. "मॅडम म्हणतात म्हंजे बदललंच असंल. मग... ह्यो माझा." अण्णा हसत म्हणाले, "कानात मळ साचला का काय, रशीदभाई?" सगळे हसले, रशीदभाईही हसले.

उरलेल्या पाचांत ते चारदा चुकले. चुकणारच. आता ते गाणं ऐकतच नव्हते. प्रत्येक खटक्यानंतर कितीतरी वेळ थांबायचे, एक सांगायचे, मग म्हणायचे, "नाय नाय, थांबा." सहाव्या वेळी, सातव्या वेळी, दहाव्या वेळीसुद्धा मला तोंड उघडता आलं असतं. पाच संधी होत्या. मी कागदावर फुल्या मारत बसले. शेवटी, ते पाचवं बरोबर धरून, दहांत सहा. अण्णांनी माझ्या हातात किल्ली दिली आणि म्हणाले, "शेवटी विज्ञान ते विज्ञान." रशीदभाईंनी सगळ्यांच्या आधी माझं अभिनंदन केलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी कदाचित विसरलेही असते. माणूस काय काय विसरत नाही? एक खोली गेली, दुसरी मिळाली असती. पण आठ दिवसांनी रशीदभाई माझ्या दारात उभे. हातात पिशवी, पिशवीत कोरं करकरीत मीटर. "मॅडम, शिकवा," म्हणाले. "कान धोका द्यायला लागला." कानाच्या डॉक्टरकडेही जाऊन आले होते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वयाच्या मानाने कान उत्तम आहे. मला वाटलं, सुटले. पण ते म्हणाले, "कान ठीक हाय म्हणं. हे तर लईच वाईट झालं मॅडम. मंग खोट डोक्यात हाय. जे नाय ते मला ऐकू येतंय."

इथे तरी सांगायचं होतं की नाही? चहा ठेवते म्हणून मी आत गेले. ओट्याशी बराच वेळ उभी राहिले. बाहेर आले आणि पहिला धडा सुरू केला.

आठ महिने, दर मंगळवारी. सर्किटचा नकाशा कसा वाचायचा, मीटरची टोकं कुठे टेकवायची, आकडा काय सांगतो. मी जीव तोडून शिकवलं आणि ते जीव तोडून शिकले. तुम्हाला वाटेल, मी भरपाई करत होते. छे. नाही म्हटलं असतं तर कारण द्यावं लागलं असतं, म्हणून शिकवत होते. माझा पहिला धडा ठरलेला आहे, तोच त्यांनाही दिला. झाकण उघडून आत बघितल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही. त्यांनी वहीत लिहून घेतलं, उर्दूत.

दोन वर्षांनी वाचनालयातला माझा सेट साफसफाईला काढला होता. सहज म्हणून या वेळी मी तो बारीक आवाजात मोजला. आकडे नेहमी पूर्ण आवाजातले छापलेले असतात, मीही तसेच मोजत आले होते. पण वाचनालयाच्या खोलीत पूर्ण आवाजात कोण ऐकतं? आपण ऐकतो ते हळू. आणि हळू वाजताना माझ्या त्या लाडक्या सेटची भेसळ वाढत होती, चांगलीच. रशीदभाईंचा सेट मागवून घेतला, काहीतरी निमित्त सांगून. त्याची वाढत नव्हती. म्हणजे सुक्का, ओला, सगळं मीटरवर स्वच्छ दिसत होतं. मीटर पहिल्यापासून त्यांच्याच बाजूने होतं, मी त्याला योग्य प्रश्नच विचारला नव्हता. आलेखाचा कागद हातात घेऊन मी बसले. मग त्याची घडी करून जाड शब्दकोशात ठेवली आणि शब्दकोश वरच्या फळीवर ढकलून दिला. माझंच मीटर, माझाच आलेख – तोही लपवला! आता सांगा, ही मीटरची बाजू घेणारी बाई? मीटरशीसुद्धा मी इमान राखलं नाही.

मागे ईदला त्यांच्या घरी शीरखुर्मा प्यायला गेले होते. शहनाजभाभी, रशीदभाईंच्या पत्नी, माझ्याजवळ बसून हळूच म्हणाल्या, "पहले नल टपका तो ये अंदर से बोलते थे, बाथरूम का है क्या रसोई का. अब पूछी तो बोलते, मेरेकू क्या मालूम." सहज सांगत होत्या त्या, तक्रार म्हणून नव्हे. आणखी म्हणाल्या, "आप अच्छा सिखाए, मॅडम. अब कागज देख के सब करते." मी वाटी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली, कारण संपवली नसती तर त्यांनी कारण विचारलं असतं.

आणि गेला आठवडा. मी दुकानात गेले होते. रशीदभाई आता सत्तरीला टेकलेत. टेबलावर गिऱ्हाइकाचा एक सेट वाजत होता. मी पायरीवर होते, त्यांनी मला पाहिलं नव्हतं. त्यांची मान डावीकडे कलायला लागली – तशीच, पूर्वीसारखी – डोळे मिटत आले, आणि मग कुणीतरी दटावल्यासारखे ते सरळ झाले, मीटर ओढलं, टोकं टेकवली. मला पाहून म्हणाले, "या मॅडम. बघा, आकडा बरोबर हाय. म्हंजे आवाज बी बरोबरच असंल. व्हय ना?"

आवाज बरोबर नव्हता. डाव्या बाजूला काहीतरी मेलेलं होतं, मला पायरीवरून ऐकू येत होतं. त्यांना तर माझ्या आधी ऐकू आलं होतं. मान उगीच कलते का?

मी म्हटलं, "हो."

पुन्हा म्हटलं! नऊ वर्षांनी, काही कारण नसताना. जिंकायला काही नव्हतं, बघायला कोणी नव्हतं, तरी सवयीने निघून गेलं. तेव्हा मला स्वतःचा असा संताप आला की मी आत जाऊन बसलेच नाही, तशीच निघाले. ते मागून म्हणाले, "मॅडम, ती तुमची खटक्याची पेटी हाय ना? दोन सेट शेजारी लावून मोजायचे हायेत. द्या की आठ दिवस." मी म्हटलं, आणते.

काल पेटी माळ्यावरून काढली. झाकणाचे चार स्क्रू काढले. लाल तार जशीच्या तशी. अर्ध्या मिनिटाचं काम होतं, तार काढली की संपलं. डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलं, राळेचा वास आला, हातात धरलंसुद्धा. मग बटन बंद करून टाकलं. मला चांगुलपणाचा झटका आला असं समजू नका. आणखी एक पुरावा पुसायचा, आणि तोही माझ्याच हातांनी जोडलेला, याचा मला कंटाळा आला. एवढंच.

उद्या अकराला रशीदभाई दुकान उघडतात. मी पेटी घेऊन जाईन. आधी वाटलं होतं, नुसती ठेवून यावी. त्यांना आता नकाशा वाचता येतो, झाकण उघडतील, तार बघतील, कळेल. पण हा पुन्हा तोच जुना भित्रेपणा झाला. आयुष्यभर मी काटा दाखवला आणि स्वतः मागे उभी राहिले. हे तारेने सांगायचं नाही, मी सांगायचं.

माफी मागणार नाही. मागितली की ती द्यायचं काम त्यांच्या गळ्यात पडतं, आणि तो माणूस लगेच देऊन टाकेल, चहाही मागवेल. नकोच ते. किल्ली बरोबर नेणार आहे, आणि शब्दकोशातला आलेखही. पुढे ते माझ्याशी बोलतील, न बोलतील, मला दुकानाच्या पायरीवर चढू देतील, न देतील, तो त्यांचा प्रश्न. अण्णांना आणि बाकीच्या मंडळींनाही येत्या रविवारी मीच सांगणार आहे, हसले होते ते सगळे.

फक्त एक धाकधूक आहे. मी सांगितलं की ते झाकण उघडायचे नाहीत. "मॅडम म्हणतात म्हंजे असंल," म्हणतील. मी शिकवलेला पहिला धडा ते माझ्यापुरता कधीच पाळत नाहीत. म्हणून चारही स्क्रू मी इथे टेबलावर काढून ठेवलेत, ते घरीच राहतील. झाकण हात लावताच निघेल. त्यांनी तार बघावी, मीटर लावावं, नंतर दोन्ही सेट जोडून मान कलती करून ऐकावं, आणि माझ्या शब्दावर अजिबात जाऊ नये.

पण शब्द मी आधी उच्चारणार आहे, तोच, जिथे अडला होता तिथून. खटका वाजला होता, रशीदभाई. बदललं नव्हतं.